मिथेनचा हिशेब कोण चुकवणार?

हवामान बदलाच्या चर्चेत कार्बन डायऑक्साइडचे नाव इतक्या वेळा घेतले जाते की, पृथ्वीचे तापमान वाढविणारा तो एकमेव वायू आहे, असा वाचकांचा समज व्हावा. जागतिक हवामान संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये हरितगृह वायूंविषयीचे आपले वार्षिक वार्तापत्र प्रसिद्ध केले, तेव्हाही चर्चा मुख्यतः त्याच वायूची झाली. तसे होणे स्वाभाविकही होते. २०२४ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ४२३.९ भागांवर पोहोचले. एका वर्षात झालेली ३.५ भागांची ही वाढ १९५७ मध्ये आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी होती. मात्र त्याच वार्तापत्रात आणखी एक आकडा होता. मिथेनचे हवेतील प्रमाण एक अब्ज भागांत १९४२ भाग इतके झाले आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड आज सुमारे दीडपट आहे, तर मिथेन अडीचपटीहून अधिक, नेमके सांगायचे तर २६६ टक्के आहे.

या दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष होणे भारताला परवडणारे नाही. मिथेनच्या उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेपाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो. त्यातील मोठा वाटा गोठ्यातून आणि भाताच्या खाचरातून येतो. त्यामुळे मिथेनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो आणि तेथेच चर्चा थांबते. ती थांबू नये. हवामानाच्या प्रश्नात या पिढीने केलेल्या प्रयत्नांचे फळ याच पिढीच्या पदरात टाकू शकेल, असा मोठा वायू एकच आहे आणि तो म्हणजे मिथेन. प्रश्न आहे तो या प्रयत्नांची सुरुवात कोठून करायची आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, एवढाच.

गोधडी आणि तिचे धागे

हरितगृह परिणाम ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून सहज आत येतो. तापलेली जमीन आणि समुद्र ती ऊर्जा अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपाने परत फेकतात. हवेत ज्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे ते नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायू या किरणांना अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू मात्र अडवतात. हे वायू नसते तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. ते आज अधिक १५ अंशांच्या आसपास आहे आणि म्हणूनच येथे जीवसृष्टी आहे.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्ये कार्बन डायऑक्साइडने भरलेली नळी उन्हात अधिक तापते, हे दाखवून दिले होते. लंडनमध्ये जॉन टिंडॉल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत कोणता वायू किती उष्णता शोषतो याची मोजणी केली. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. मे २०२५ मध्ये तेथील मासिक सरासरी ४३० च्या पुढे गेली.

पृथ्वीभोवतीच्या या गोधडीत दरवर्षी नवे धागे विणले जात आहेत आणि ती जाड होत चालली आहे, ही खरी अडचण आहे. जागतिक हवामान संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते आणि मोजणी सुरू झाल्यापासूनचे ते सर्वांत उष्ण वर्ष ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या शास्त्रज्ञांच्या समितीने आपल्या सहाव्या अहवालात कोणत्या वायूचा यात किती वाटा आहे याची फोड केली आहे. २०१० ते २०१९ या दशकापर्यंत झालेल्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे ०.८ अंश, तर मिथेनचा सुमारे ०.५ अंश होता. धूर आणि सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवून यातील काही उष्णता झाकून ठेवली, म्हणून प्रत्यक्षातील वाढ या बेरजेपेक्षा कमी दिसली. थोडक्यात, मिथेन हा या प्रकरणातील किरकोळ साथीदार नाही.

बारा वर्षे विरुद्ध शतके

या दोन वायूंमधला मुख्य फरक त्यांच्या आयुष्याचा आहे. कोळसा जाळून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग समुद्र आणि झाडे शोषून घेतात, पण उरलेला मोठा हिस्सा शेकडो वर्षे आणि त्यातील काही तर हजारो वर्षे हवेत राहतो. आजोबांनी जाळलेल्या कोळशाचा वायू नातवाच्या डोक्यावरही असतोच. मिथेनचे तसे नाही. हवेतील हायड्रॉक्सिल नावाचे अल्पजीवी रेणू त्याचे विघटन करतात आणि सुमारे बारा वर्षांत त्याचा बहुतांश प्रभाव ओसरतो. पण या बारा वर्षांत तो प्रचंड उष्णता धरून ठेवतो.

येथेच हिशेबाचा एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. वेगवेगळ्या वायूंची तुलना करण्यासाठी त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या वजनात रूपांतर करण्याची पद्धत आहे. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक टन मिथेन २७ ते ३० टन कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. वीस वर्षांचा काळ धरला तर तोच एक टन ८० टनांहून जड होतो. आंतरराष्ट्रीय करारांत शंभर वर्षांचे माप रूढ आहे. त्या मापाने पाहिले तर मिथेन दुय्यम वाटतो. परंतु पुढील वीस-पंचवीस वर्षांत उन्हाळे किती कडक होणार, पाऊस किती लहरी होणार, हा ज्याच्यापुढचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी वीस वर्षांचे माप अधिक खरे आहे.

भारताचेच उदाहरण घेता येईल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालानुसार २०२० मधील देशाच्या एकूण उत्सर्जनात कार्बन डायऑक्साइडचा वाटा ८०.५३ टक्के, मिथेनचा १३.३२ टक्के आणि नायट्रस ऑक्साइडचा ५.१३ टक्के होता. हे रूढ मापातले आकडे आहेत. वीस वर्षांच्या मापाने मिथेनचे वजन सुमारे तिप्पट धरावे लागते, मग त्याचा वाटाही त्याच प्रमाणात फुगतो. वायू तेवढाच असतो, बदलते ते केवळ माप. पण धोरणे ठरतात ती या मापावरच.

वीस वर्षांच्या मापाचा अर्थ कार्बन डायऑक्साइडकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नव्हे. अंतिम तापमान किती होणार हे त्या वायूच्या शतकानुशतकांच्या साठ्यावर ठरेल. कोळसा आणि तेल जाळणे चालूच ठेवले तर मिथेन कमी करून मिळालेला दिलासा काही वर्षांत वाहून जाईल. मिथेनवरील उपाय म्हणजे ताप उतरविणारे औषध होय. मूळ आजारावरील उपचार वेगळाच आहे. पण ताप मेंदूत जाण्याची भीती असते, तेव्हा तो आधी उतरवावा लागतो.

टाळेबंदीतही वाढलेला वायू

गेल्या पंचवीस वर्षांतील मिथेनचा आलेख शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणारा आहे. १९९९ ते २००६ या काळात त्याचे हवेतील प्रमाण जवळपास स्थिर होते. २००७ पासून ते पुन्हा वाढू लागले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे जगभर टाळेबंदी झाली, कारखाने थंडावले, वाहने उभी राहिली. त्या वर्षी मिथेन मात्र अब्ज भागांत सुमारे १५ भागांनी वाढला. २०२१ मध्ये ही वाढ जवळपास १८ भागांवर गेली. चार दशकांच्या नियमित नोंदींत असे कधी झाले नव्हते.

त्याचे एक कारण मोठे विलक्षण आहे. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे हवेत मिथेनचे विघटन करणारे हायड्रॉक्सिल रेणू तयार होण्यास मदत होते. धूर कमी झाला, तसे हे रेणूही घटले आणि मिथेन अधिक काळ टिकला. दुसरे कारण अधिक चिंताजनक आहे. ला निनाच्या प्रभावामुळे त्या वर्षांत आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण कटिबंधातील अनेक भागांत भरपूर पाऊस झाला, पाणथळ प्रदेश विस्तारले आणि त्यांतून अधिक मिथेन बाहेर पडला. याचा पुरावा मिथेनच्या रेणूतच मिळतो. जीवाणूंनी तयार केलेल्या मिथेनमध्ये कार्बनचे १३ हे जड रूप कमी असते, तर भूगर्भातील वायूत ते तुलनेने अधिक असते. २००७ नंतर हवेतील मिथेनमध्ये या जड कार्बनचे प्रमाण घटत गेले आहे. याचा अर्थ, या काळातील वाढीत पाणथळ जागा, गुरे, भातशेती आणि कचरा अशा जैविक उगमांचा हात मोठा आहे.

तापमानवाढीमुळे पाणथळ भागांतून अधिक मिथेन सुटणे आणि त्या मिथेनमुळे तापमान आणखी वाढणे, असे हे दुष्टचक्र आहे. दलदलीला कायदा लावता येत नाही. म्हणूनच माणसाच्या हातात असलेले उगम आवरणे अधिक निकडीचे ठरते.

तीन उगम, तीन वेगळे न्याय

मानवनिर्मित मिथेनचे उगम मुख्यतः तीन आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार सुमारे ४० टक्के मिथेन शेती व पशुपालनातून, ३५ टक्के कोळसा, तेल व नैसर्गिक वायूच्या उद्योगातून आणि २० टक्के कचरा व सांडपाण्यातून येतो. या दशकात मानवनिर्मित मिथेन ४५ टक्क्यांपर्यंत घटविला तर २०४० च्या दशकापर्यंत सुमारे ०.३ अंश तापमानवाढ टळू शकते, असेही त्यात म्हटले होते. दीड आणि दोन अंशांच्या मर्यादांवरून जग भांडत असताना ०.३ अंश ही छोटी गोष्ट नाही.

परंतु या तीन उगमांना एकाच न्यायाने तोलता येणार नाही. तेलविहिरीतून किंवा वाहिनीच्या सांध्यातून गळणारा मिथेन म्हणजे विकता येणारा माल वाया घालविणे होय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते जीवाश्म इंधन क्षेत्रातील सुमारे ७० टक्के मिथेन आज उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानाने रोखता येतो. त्यातील बऱ्याच भागाचा खर्च तर वाचलेल्या वायूच्या किमतीतून भरून निघतो. अशी गळती चालू राहते ती केवळ बेपर्वाईमुळे. कचऱ्यातून येणारा मिथेन हा नगरप्रशासनाच्या अपयशाचा भाग आहे. गोठा आणि खाचर यांतून येणारा मिथेन मात्र कोणाच्या तरी उपजीविकेला चिकटलेला आहे. पहिल्या दोघांना जाब विचारता येतो. तिसऱ्याला आधी पर्याय द्यावा लागतो.

उपग्रहाला दिसणारी मुंबई

आजवर मिथेनचे उत्सर्जन बहुतांशी कागदावर मोजले जात असे. जनावरे किती, कचरा किती, त्याला अमुक गुणांक, असा तो अंदाज असे. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह २०१७ मध्ये सोडण्यात आला आणि ही स्थिती बदलली. अवकाशातून मिथेनचे लोट प्रत्यक्ष दिसू लागले. या उपग्रहाच्या आणि अधिक बारकाईने पाहणाऱ्या दुसऱ्या उपग्रहांच्या साह्याने ब्वेनोस आयरेस, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांचा अभ्यास करण्यात आला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईतील एकाच कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन, म्हणजे वर्षाला सुमारे ८५ हजार टन मिथेन बाहेर पडत असल्याचे त्यात आढळले.

हा आकडा आधी सांगितलेल्या दोन मापांत घालून पाहावा. शंभर वर्षांच्या मापाने तो सुमारे २३ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो, तर वीस वर्षांच्या मापाने सुमारे ६८ लाख टन. एका शहरातील एका ढिगाचा हा हिशेब आहे. या प्रश्नाची झळ मुंबईकरांना तापमानवाढीची वाट न पाहताही बसली आहे. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याच्या डोंगरात आग सहज धुमसत राहते याचे एक कारण त्याच्या पोटात साठणारा मिथेनच असतो.

ओला कचरा हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो. तो वेगळा काढून खत केले किंवा बंदिस्त टाकीत कुजवून वायू मिळविला, तर हा प्रश्न मुळातच सुटतो. यात नवे काही नाही. घनकचऱ्याचे नियम २००० साली झाले आणि २०१६ मध्ये ते सुधारण्यात आले. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे तेव्हापासून बंधनकारक आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याची आणि तो वेगळा करण्याची पद्धत रुजविली. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. मुंबईसारखी श्रीमंत महापालिका हे करू शकत नाही असे कोण म्हणेल? यासाठी एकाही शेतकऱ्याच्या दावणीला हात लावावा लागत नाही.

भारताचा नकार आणि त्याची बाजू

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अमेरिका व युरोपीय संघाच्या पुढाकाराने जागतिक मिथेन प्रतिज्ञा जाहीर झाली. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेनचे जागतिक उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी कमी करावयाचे, असे तिचे उद्दिष्ट आहे. दीडशेहून अधिक देश तिच्यात सहभागी झाले. भारत आणि चीन झाले नाहीत.

भारताचा युक्तिवाद संसदेत दिलेल्या उत्तरांतून वेळोवेळी मांडला गेला आहे. तापमानवाढीचे मुख्य कारण कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो हवेत साठविला तो श्रीमंत देशांनी. मिथेनवर भर देणे म्हणजे ती जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर सरकविणे होय. भारतातील मिथेन मुख्यतः गुरे आणि भात यांतून येतो. हे उत्सर्जन चैनीचे नसून जगण्याचे आहे.

या युक्तिवादात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. यातील बहुसंख्य जनावरे एक-दोन गायी-म्हशी पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या आणि भूमिहीन मजुरांच्या दारात बांधलेली आहेत. मराठवाड्यात किंवा विदर्भात पीक हातचे गेले की दुधाचा रोजचा पैसा हाच घराचा आधार असतो. त्या म्हशीच्या रवंथाला आणि अमेरिकेतील तेलविहिरीच्या गळतीला एकाच रकान्यात बसविणे अन्यायाचे आहे.

पण हा युक्तिवाद पूर्ण नाही. पहिली गोष्ट म्हणजे, शेतकऱ्याची ढाल पुढे करून कचराभूमी, कोळसा खाणी आणि वायुवाहिन्या यांच्या मिथेनकडे काणाडोळा करता येत नाही. तेथे जगण्याचा प्रश्न नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तापमानवाढीचा पहिला फटका ज्यांना बसतो, त्यांत हाच शेतकरी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील उभी पिके झोपविली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. प्रत्येक आपत्ती थेट तापमानवाढीच्या खात्यावर मांडता येत नाही, परंतु अशा टोकाच्या घटनांची शक्यता ती वाढवीत आहे, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत आहे. उष्मा वाढला की म्हैस दूध कमी देते, हे तर कोणताही गवळी सांगेल. शिवाय हवेतील मिथेनपासून जमिनीलगत ओझोन वायू तयार होण्यास मदत होते आणि तो गव्हासारख्या पिकांना व माणसाच्या फुप्फुसांना अपाय करतो. तेव्हा मिथेन कमी करणे हे पाश्चात्त्यांवर उपकार करण्यासाठी नव्हे, तर आपल्याच शेतकऱ्याच्या हितासाठी आहे. प्रतिज्ञेवर सही न करण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. तिच्यातील काम न करण्याला मात्र तो आधार होऊ शकत नाही.

गोठा आणि खाचर

शेतीतील मिथेन कमी करण्याचे उपाय आहेत, पण ते सरसकट लादण्यासारखे नाहीत. भाताचे पाहू. खाचरात पाणी साठून राहिले की मातीतील ऑक्सिजन संपतो आणि मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मोकळे रान मिळते. पाणी अधूनमधून सोडून जमीन हवेशीर ठेवली की मिथेन लक्षणीय घटतो आणि पाणीही वाचते. ज्या भागांत कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी हाताशी आहे, तेथे हे जमते. कोकणातील शेतकरी मात्र आकाशातून पडणाऱ्या पावसावर भात घेतो. आषाढातला पाऊस त्याला थांबविता येत नाही. आणखी एक धोका म्हणजे, युरियाचा मारा केलेली जमीन ओली-कोरडी होत राहिली तर नायट्रस ऑक्साइड अधिक सुटतो. तो वायू शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो आणि टनाला टन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट प्रभावी आहे. म्हणजे पाण्याबरोबर खताचेही व्यवस्थापन सुधारावे लागेल.

कोकणालाही पर्याय नाही असे नाही. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी आणि लावणी टाळून कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भाताची टोकणी केली जाते. श्रम आणि खर्च वाचतो म्हणून शेतकरी त्याकडे वळले. वाफ्यांत पाणी साठवून ठेवावे लागत नाही, त्यामुळे मिथेनच्या दृष्टीनेही ही दिशा योग्य आहे. कृषी विद्यापीठांनी अशा पद्धतींत नेमका किती मिथेन वाचतो याची खाचराखाचरांत मोजणी करावी आणि त्या आधारे शेतकऱ्याला मोबदला मिळावा, अशी व्यवस्था उभी राहिली तर या तंत्राला मोठे बळ मिळेल.

गुरांच्या बाबतीतही तसेच आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तयार होणारा मिथेन ढेकरांवाटे बाहेर पडतो. आपली गाय डोईगणिक पाहिले तर परदेशी संकरित गायीपेक्षा कमी मिथेन सोडते, पण दूधही कमी देत असल्याने लिटरमागे तो अधिक पडतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळुरू येथील संस्थेने तयार केलेल्या ‘हरित धारा’ या खाद्यपूरकाने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे तिचे निष्कर्ष आहेत. पण पूरक विकत घेण्याआधी बहुतेक जनावरांना पोटभर हिरवी वैरण आणि समतोल आंबोण मिळण्याची गरज आहे. तसे झाले तर दूध वाढेल, लिटरमागचा मिथेन घटेल आणि शेतकऱ्याच्या हातात पैसेही येतील. शेणाचा वायू तर या मातीला परका नाही. मुंबईतील कुष्ठधामात मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकातच झाला होता. खादी ग्रामोद्योग आयोगाने पुढे गोबरगॅस गावोगाव नेला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोबरधन’ योजनेने त्याला नवे रूप दिले आहे. बंद पडलेल्या संयंत्रांची दुरुस्ती आणि तयार होणाऱ्या वायूला व स्लरीला खात्रीचा भाव, एवढे झाले तरी ही योजना कागदावरून गावात उतरेल.

जगाचे दुटप्पी वर्तन

भारताने काय करावे हे सांगणाऱ्या देशांचे वर्तनही तपासले पाहिजे. अमेरिकेने २०२२ मध्ये तेल व वायू कंपन्यांच्या मिथेन गळतीवर शुल्क आकारण्याची तरतूद केली. २०२५ च्या प्रारंभी तेथील संसदेने ते शुल्क वसूल करण्याचे नियमच रद्द केले. पॅरिस करारातूनही ट्रम्प प्रशासनाने माघार घेतली. युरोपीय संघाने मात्र २०२४ मध्ये मिथेनविषयक कायदा करून आयात इंधनालाही टप्प्याटप्प्याने त्याच्या कक्षेत आणण्याचे ठरविले. चीनने प्रतिज्ञेवर सही न करता नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःचा मिथेन कृती आराखडा जाहीर केला. डेन्मार्कने २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला, पण त्यात शेतकरी संघटनांना सामील करून घेतले आणि सवलतीही ठेवल्या.

उपग्रहांना दिसलेल्या मोठ्या गळत्यांची सूचना सरकारांना व कंपन्यांना देणारी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांनी उभारली आहे. २०२४ च्या अहवालात अशा सूचनांपैकी अवघ्या १ टक्का सूचनांना प्रतिसाद मिळाल्याचे नमूद होते. पुढच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेले. गळती कोठे आहे हे ठाऊक आहे, बंद कशी करायची हेही ठाऊक आहे, तरीही दहापैकी जवळपास नऊ सूचनांना उत्तर मिळत नाही. अशा स्थितीत भाताच्या खाचराकडे बोट दाखविण्याचा नैतिक अधिकार कोणाला उरतो, हा प्रश्न भारताने जागतिक व्यासपीठावर जरूर विचारावा.

क्रम ठरविण्याची वेळ

तो प्रश्न विचारण्याचे बळ मात्र स्वतःचे घर आवरल्यानेच येईल. भारताला मिथेनविषयी स्वतःचा स्वतंत्र आराखडा हवा आणि त्यातील कामांचा क्रम स्पष्ट हवा. सर्वांत आधी शहरांचा ओला कचरा, कारण तेथे उशिराला कोणतेही समर्थन नाही. त्याबरोबरच कोळसा खाणी, तेलक्षेत्रे आणि वायुवाहिन्या यांतील गळतीची सक्तीची मोजणी व दुरुस्ती. त्यानंतर गोठा आणि खाचर, आणि तेथे दंडाऐवजी वैरण, तंत्र व मोबदला. वायूचे माप शंभर वर्षांबरोबर वीस वर्षांच्या हिशेबातही प्रसिद्ध झाले, तर या कामांची निकड लोकांनाही कळेल.

कार्बन डायऑक्साइडविरुद्धची लढाई दीर्घ आहे आणि तिचे फळ पुढच्या पिढ्यांना मिळणार आहे. मिथेनचे तसे नाही. आज थांबविलेल्या गळतीचा परिणाम दहा-पंधरा वर्षांत हवेत दिसू लागतो. आज शाळेत जाणारी मुले तेव्हा कमावती झालेली असतील. तोवर मुंबईतील कचऱ्याचे ढीग असेच वायू सोडत राहिले आणि आपण मराठवाड्यातील म्हशीकडे बोट दाखवून स्वस्थ बसलो, तर मिथेनचा हिशेब अखेर त्या म्हशीच्या मालकालाच चुकवावा लागेल. वाळलेल्या चाऱ्यात, आटलेल्या दुधात आणि झोपलेल्या पिकात.